मिशाळ मंडळी

घरच्या काचपेटीसाठी मासे घ्यायला गेले की बहुतेकांची नजर रंगांवर खिळते. माझी तळाशी जाते. तिथे दोन-अडीच इंचांचे, मिशाळ कोरिडोरास कॅटफिश वाळू हुंगत हिंडत असतात. मूळचे दक्षिण अमेरिकेतले. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत. पण स्वभाव निरुपद्रवी. मध्येच डोळा मिचकावल्यासारखा करतील, मध्येच वर झेपावून हवेचा घोट घेऊन येतील. ती हवा ते आतड्यातून शोषतात!

दुकानदार म्हणतो, "एक न्या, तळ साफ ठेवील." पण हा काही घरगडी नव्हे. त्याला स्वतःचे अन्न लागते, मिशा शाबूत राहायला मऊ वाळू लागते आणि मुख्य म्हणजे गोतावळा लागतो. म्हणून मी एकाच जातीचे, भरल्या पोटाचे, अखंड मिशांचे सहा निवडतो.

"अहो, सहा कशाला?" सौभाग्यवती विचारते.

एकटा ठेवला तर तो कोपऱ्यात दडून बसतो. जातभाई भेटले की तोच खेळकर होतो. वर्गात मुका बसणारा मुलगा कँटीनमध्ये मित्रांत कसा खुलतो, हे मी रोज पाहतो. सहाव्या माशाचे पैसे मी आनंदाने मोजतो.