शीड न उतरणारे घर

चाकांवरचे घर ही कल्पना मोठी गोड आहे. चूल, न्हाणी, बिछाने सारे बरोबर घेऊन निघावे आणि मनाला येईल तेथे मुक्काम करावा, याहून स्वतंत्र प्रवास कोणता? अमेरिकेत अशा गाडीला मोटारहोम म्हणतात. परंतु घर म्हटले की भिंती आल्या आणि भिंती म्हटल्या की वारा आला, ही साधी गोष्ट त्या सुखचित्रात सहसा नसते.

वायोमिंग राज्यातून जाणारा ८० क्रमांकाचा महामार्ग ती गोष्ट शिकवतो. लॅरमी ते रॉलिन्स हा त्यावरील टप्पा सुमारे १६० किलोमीटरांचा आहे. रॉकी पर्वताच्या रांगा येथे सखल होतात आणि पश्चिमेचा वारा नरसाळ्यातून यावा तसा त्या वाटेने घुसतो. एल्क माउंटन या डोंगराजवळ तर तो अधिकच पिसाळतो.

२०१९ च्या ऑक्टोबरात आम्ही डेन्व्हरहून सॉल्ट लेक सिटीला एका लग्नासाठी निघालो होतो. मुलाने भाड्याने मोटारहोम घेतली होती. आत आम्ही दोघे वृद्ध, सून आणि दोन नातवंडे. नातीला नववधूपुढे फुलांची परडी घेऊन चालायचे होते. लॅरमीला रस्त्यावरचा फलक उजळला होता : हलक्या व उंच वाहनांस मार्ग बंद. लहान मोटारी मात्र सुखाने पुढे जात होत्या. मी मुलाकडे पाहिले. तो म्हणाला, "पप्पा, इंजिन दणकट आहे, पण भिंत रुंद आहे."

त्याचा हिशेब सरळ होता. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. नऊ मीटर लांब व तीन मीटर उंच भिंतीवर ताशी ६५ किलोमीटरांचा आडवा वारा सुमारे पाचशे किलो वजनाइतका रेटा देतो; १३० किलोमीटरांचा वारा दोन हजारांहून अधिक. मार्ग खुला असतानाही अशी गाडी वाऱ्यात संथ चालवावी आणि दोन्ही हात चाकावर ठेवावेत. डोंगराचा आडोसा सुटताना किंवा मोठा ट्रक शेजारून जाताना अचानक हिसका बसतो. तेव्हा चाक हलकेच सावरावे, झटका देऊ नये. थांबायचे तर रस्त्याच्या कडेला नव्हे, इमारतीच्या आडोशाला, गाडीचे तोंड वाऱ्याकडे करून. मुलाने ट्रकतळावर गाडी तशीच उभी केली आणि बाहेरची कापडी छपरी गुंडाळलेली असल्याची पुन्हा खात्री केली. रात्रभर ते घर पाळण्यासारखे हलत होते.

माझे वडील वसईच्या पाचूबंदरचे तांडेल. वारा चढू लागला की ते प्रथम शीड उतरवीत. जाळ्यातल्या मासळीचा विचार नंतर. मोटारहोमचे शीड उतरवता येत नाही. म्हणून तेथे तांडेलाची सारी विद्या एका थांबण्यात सामावते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मार्ग खुला झाला. आम्ही रात्री पोहोचलो तेव्हा लग्न लागून गेले होते. परडीतली फुले कोमेजली होती आणि नात रडून झोपी गेली होती. वेळेवर पोहोचणाऱ्याचे कौतुक सारेच करतात. थांबणाऱ्याला मात्र लेकराचे रडणे ऐकावे लागते. ते ऐकूनही जो थांबतो, त्याच्याच हाती घरच्यांनी चाक द्यावे.