मोत्याचे हजेरीपत्रक

शाळेत असताना 'माझा आवडता प्राणी' या निबंधात आपण सगळ्यांनीच एक वाक्य लिहिलेले असते : 'कुत्रा घराची राखण करतो.' हमखास गुण मिळवून देणारे हे वाक्य. पण राखण करायची म्हणजे घरचे कोण आणि बाहेरचे कोण, हे आधी ठरवावे लागते. कुत्रा ते कशावरून ठरवतो, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. आमच्या घरी मात्र तो आला, आणि मोत्याने दिलेल्या उत्तराने सारे घर काही दिवस विचारात पडले.

आपल्यापैकी जे पेठच्या आसपासच्या पाड्यांतून येतात, त्यांना पुढील मजकूर नवा नाही. सावळघाट, कोटंबीघाट ओलांडून नाशिकहून शिकवायला येणाऱ्या गुरुजनांसाठी तो थोडक्यात सांगते. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो, पण डोंगरउतारावरून तसाच वाहून जातो. नागली, वरई आणि भात घरात आले की शेतात पुढे काम उरत नाही. मग दिवाळी झाली की पाड्यातली धडधाकट माणसे दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षमळ्यांत जातात. आधी डिपिंग, विरळणी, पुढे काढणी. मधे होळीला चार दिवस घरी यायचे, पुन्हा जायचे, आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास परतून राब भाजायला लागायचे. या काळात पाड्यात उरतात ती म्हातारी माणसे, शाळेतली पोरे आणि माझ्यासारखी एखादी कॉलेजची मुलगी.

मोत्या आमच्याकडे आला तो मागच्या हंगामात, आईबाबा मळ्यावर गेल्यानंतर. मार्गशीर्ष महिना होता. आजीने त्याला शेजारच्या पाड्यावरून पदराखाली झाकून आणले. जेमतेम दीड महिन्याचे पिल्लू. अंग काळे आणि छातीवर पांढरा ठिपका. भाऊ शाळेतून आला की त्याच्या पायांत लोळायचे, आजीच्या मागे मागे शेळ्यांकडे जायचे आणि कुंईकुंई करायचे, एवढेच त्याचे जग. माघ संपता संपता एका संध्याकाळी तो अंगणात उभा राहून खऱ्या आवाजात भुंकला, आणि स्वतःच दचकून मागे सरला. आजीला कोण आनंद! दोन शेळ्या म्हणजे आमच्या घरची बँक, आणि डोंगरातून बिबट्या येतो-जातो हे कुणाला सांगायला नको. "आता घराला आवाज आला," ती म्हणाली.

होळीच्या आदल्या रात्री आईबाबा आले. बाबांच्या खांद्यावर पिशवी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, कपड्यांना मळ्यातल्या गंधकाचा वास. अंगणात त्यांचे पाऊल पडते न पडते तोच मोत्या दारात आडवा झाला आणि असा काही भुंकू लागला की शेजारपाजारची दारे उघडली. बाबा एक पाऊल पुढे आले की तो दोन पावले मागे सरे. पण दार सोडीना. शेवटी भावाने त्याला मानेला धरून बाजूला ओढले. बाबा ओट्याच्या कडेला टेकले आणि हसून म्हणाले, "चार महिन्यांनी घरी आलो, तर घरच विचारतंय, कोण पाहिजे?" आई मात्र हसली नाही.

पुढच्या दोन दिवसांत सगळा पाडा परतला, आणि मोत्याचा घसा बसायची वेळ आली. काका आले, भुंकला. शेजारच्या घरचे नवराबायको आले, भुंकला. ऐन होळीभोवती सगळे जमले, तेव्हा तर विचारूच नका. मी त्याच्याकडे लक्ष देऊन पाहू लागले, तेव्हा त्यात एक हिशेब दिसला. म्हाताऱ्यांवर तो भुंकत नव्हता, पोरांवर भुंकत नव्हता. दर आठवड्याला किराणा घेऊन येणारा टेम्पोवाला त्याचा मित्र होता. एवढेच काय, हंगामात आणखी मजूर न्यायला तीनदा येऊन गेलेला मुकादम दिसताच त्याने शेपूट हलवली, कारण त्याच्या खिशात बिस्किटे असत. बाबांना घेऊन जाणारा माणूस घरचा, आणि बाबा परके! मोत्याने दिवाळीनंतरच्या आमच्या पाड्याचे हजेरीपत्रक चोख लिहून ठेवले होते. त्यात जे गैरहजर, त्यांच्यावर तो भुंकत होता.

सल्ला द्यायला मंडळी कमी नव्हती. कुणी म्हणाले, काठी घाला. कुणी म्हणाले, साखळीने बांधा. रात्रीची झोप मोडलेल्या एका शेजाऱ्याने तर गोणीत घालून घाटात सोडून यायची तयारी दाखवली. त्याचेही खोटे नव्हते; चार दिवसांची विश्रांती, तीही भुंकण्यात जायची. पण साखळीला आजीचा सक्त विरोध. बाहेर बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढलेले ताट, हे तिचे म्हणणे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हा त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्याचाच निघाला. वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के. आजीने हा अभ्यास वाचलेला नाही, तरी मोत्या रात्री घरातच झोपतो.

पुढे मी या विषयावर थोडे वाचले. अमेरिकेत बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत काही पिल्ले माणसांपासून दूर कुंपणात वाढवली. त्यांतील काहींना लवकर आणि काहींना उशिरा माणसांत आणले. १९६१ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, की चौदा आठवडे ज्यांनी माणूस पाहिला नाही, ती पिल्ले पुढेही माणसाला बिचकतच राहिली. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत पिल्लू 'आपले कोण' हे शिकत असते. मोत्याचे ते दिवस नेमके मार्गशीर्ष-पौषातले. त्या दिवसांत त्याने आमच्या पाड्यात धडधाकट पुरुष असा जवळजवळ पाहिलाच नव्हता. लहानपणी जे दिसले नाही, ते मोठेपणी त्याला भयंकर वाटणारच.

बुडापेस्टच्या संशोधकांचा २००५ सालचा एक प्रयोगही मला फार आवडला. त्यांनी निरनिराळ्या प्रसंगी भुंकणाऱ्या कुत्र्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले आणि लोकांना नुसते ऐकवले. ज्यांनी कधी कुत्रा पाळला नव्हता, त्यांनाही परक्यावरचे भुंकणे कोणते आणि खेळातले कोणते, हे बऱ्याच अंशी ओळखता आले. म्हणजे भुंकण्यात अर्थ असतो आणि आपल्या कानाला तो कळतोही; ऐकण्याचा धीर मात्र हवा.

तो धीर बाबांनी दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात मोत्याकडे पाठ करून बसले. त्याच्याकडे पाहिले नाही, हाक मारली नाही. नागलीच्या भाकरीचा तुकडा मोडून बाजूला टाकायचा आणि आपले विळ्याला धार लावत बसायचे. मोत्या भुंकला की आम्ही कुणी ओरडायचे नाही, असे ठरले. कारण आपण ओरडलो की त्याला वाटते, हेही आपल्यासोबत भुंकताहेत. दुपारपर्यंत तुकडा पाठीमागून नाहीसा होऊ लागला. तिसऱ्या दिवशी त्याने तो हातातून घेतला. आईचे काम याहून सोपे झाले. चुलीपाशी बसणाऱ्या माणसाशी कुत्रा फार काळ वैर धरत नाही. शेजाऱ्यांच्या हातीही मी भाकरीचे तुकडे दिले. घाटात सोडू म्हणणाऱ्यानेही एक टाकला, जरा लांबूनच.

चौथ्या दिवशी सगळे पुन्हा मळ्यांवर गेले. खरी परीक्षा अक्षय्य तृतीयेला. बाबा परतले, तेव्हा मोत्या दारातून धावत गेला, दोनदा भुंकला आणि थबकला. नाक वर करून वास घेतला. मग शेपूट आधी हळू आणि नंतर अशी हलली, की सारे अंगच हलू लागले. बाबांनी पिशवी खाली ठेवली आणि बराच वेळ ते तिथेच उकिडवे बसून राहिले.

भुंकणे अर्थात थांबले नाही, थांबायलाही नको. रात्री शेळ्यांच्या बाजूला काही खसखसले, की मोत्याचा आवाज वेगळाच येतो आणि आजी बॅटरी घेऊन उठते. कुत्र्याला शिकवता आले ते एवढेच, की आपली माणसे दिसतात त्याहून जास्त आहेत. ती वर्षातला अर्धा काळ का दिसत नाहीत, हे त्याला समजावता येत नाही. ते मला अर्थशास्त्राच्या तासालाही अजून पुरते समजलेले नाही.

यंदा दिवाळीनंतर निघताना बाबांनी आपला एक जुना सदरा मोत्याच्या गोणपाटावर टाकला. आई म्हणाली, "अजून वापरता आला असता." बाबा म्हणाले, "वापरतोच आहे."