दुभाष्या

सारी हयात इंग्रजी शिकवण्यात घालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एकच धास्ती असते : कोणीतरी आपल्याला खरोखरच इंग्रजी बोलायला लावील! माझ्यावर तो प्रसंग तीन वर्षांपूर्वी आला. हिंगोलीत आमच्या शेजारी एक पास्टरसाहेब राहतात. एका संध्याकाळी ते घरी आले आणि म्हणाले, "गुरुजी, अमेरिकेतल्या एका चर्चचे १२ पाहुणे यायचे आहेत. १० दिवस आमच्या बालगृहात सेवा करणार आहेत. दुभाष्या म्हणून तुम्ही याल का?"

मी काही सबब काढणार, तोच आतून सौभाग्यवतीचा आवाज आला, "येतील की! घरी बसून तरी काय करतात?"

बालगृह शहरापासून १२ किलोमीटरवर. मुले चाळीसेक. सगळीच काही अनाथ नव्हेत. कुणाचा बाप गेलेला, कुणाची आई एकटीच ऊसतोडणीला जाणारी. दसरा झाला की आमच्या मराठवाड्यातून तोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे अन् कर्नाटकाकडे निघतात, त्या पाडव्याच्या सुमारास परततात. तोवर पोरांनी राहायचे कुठे?

पाहुणे आले. बहुतेक कॉलेजातली मुले. प्रवासखर्च कोणी सुटीत काम करून, तर कोणी केक विकून जमवलेला. त्यांनी भिंती रंगवल्या, पोरांना गाणी शिकवली, फुगे फुगवले. त्याच भिंती आदल्या वर्षीच्या पाहुण्यांनीही रंगवल्या होत्या, हे कळल्यावर मला हसू आले. पण ते ओठांवरच राहिले. साता समुद्रांपलीकडची एक मुलगी आमच्या पोरींच्या केसांतल्या उवा काढीत बसली होती, आणि मी? १२ किलोमीटरवर राहून इतक्या वर्षांत एकदाही तिकडे फिरकलो नव्हतो!

त्या उवा काढणाऱ्या मुलीचा तिसरीतल्या एका पोरीला विलक्षण लळा लागला. निघायच्या दिवशी पोरीने माझा सदरा ओढला. "गुरुजी, हिला इचारा की, परत कवा येनार?"

मी विचारले. पाहुणीचे डोळे भरून आले. म्हणाली, "देवाची इच्छा असेल तर पुढच्या वर्षी."

मी मराठीत सांगितले, "पुढच्या वर्षी येते म्हणते."

पहिला अर्धा भाग मी गाळला. घाईत म्हणा, किंवा रडणाऱ्या लेकराला अटी कशाला ऐकवायच्या, म्हणून म्हणा. विद्यार्थ्यांनी भाषांतरात शब्द गाळला तर अर्धा गुण कापणारा मीच तो!

पुढच्या वर्षी पुन्हा पाहुणे आले. पुन्हा मीच दुभाष्या. फाटकाशी ती पोर उभी होती, वेणीफणी करून. मोटारीतून उतरणारा एकेक चेहरा तिने न्याहाळला. सगळे उतरले, तरी ती वाकून आत पाहातच होती.

"ताई कुठंय, गुरुजी? तुमी म्हनला व्हता ना? माझी आई पाडव्याला येते म्हनती, तर येतीच."

तिच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. असता तर बरे झाले असते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आठवण झाली ती पंडिता रमाबाईंची. १८८७ साली बॉस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी मंडळी जमली, त्यांनी वचन दिले ते दहा वर्षांचे! त्या आधारावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. मुदत भरल्यावर, १८९८ साली, बाई पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि मंडळींनी मदत पुढे चालू ठेवली. पैसा परदेशातून आला. पण दुष्काळातल्या मुलींना पोटाशी धरून केडगावला बाई स्वतः राहिल्या, १९२२ साली डोळे मिटेपर्यंत.

आणि इतक्या लांब तरी कशाला जावे? नामदेवांचे जन्मगाव म्हणून ज्या नर्सीला आम्ही मानतो, ती आमच्याच तालुक्यात. गंगाखेडची पोरकी जनी दामाशेटींच्या घरी आली, ती जन्मभर त्या घरचीच झाली, असे परंपरा सांगते. तिला कोणी १० दिवसांसाठी ठेवून घेतले नव्हते.

पाहुण्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी जमेल तेवढे दिले, आणि खरेही सांगितले. खोटे बोलला तो दुभाष्या. मायेने लळा लावावा आणि दहाव्या दिवशी उठून जावे, यात मुलाच्या वाट्याला काय उरते, हे मात्र ज्याने त्याने आपल्याशी विचारावे.

हल्ली दर शनिवारी सकाळच्या एस.टी.ने मी तिकडे जातो. पोर आता पाचवीत आहे. पहिले दोन महिने मी निघालो, की ती विचारी, "परत कवा येनार?" मी सांगे, "शनिवारी." आणि शनिवारी जाई. पावसात गेलो, कंबर धरली असताही गेलो.

गेल्या शनिवारी निघताना तिने काहीच विचारले नाही. इंग्रजीची वही माझ्या पिशवीत कोंबली आणि म्हणाली, "तपासून आना. अर्धा गुन कापू नका."