अळंब्याचें सोवळें

आंब्याची कोय पेरली तर आंबाच उगवतो. पण ज्या झाडाचें फळ खाल्लें त्याचीच चव पुन्हां मिळेल अशी हमी कोणी देत नाहीं. ती हमी कलमाची. हापुसाची सारी कीर्ति कलमावर उभी आहे, हें कोंकणांतल्या पोरासहि ठाऊक असतें. अळंब्यांच्या बाबतींत मात्र हा भेद सुशिक्षितांसहि फारसा परिचित नसतो. छत्रीखालून झडणारे बीजाणु म्हणजे कोयी. त्यांची संतति आईबापांसारखी निघेलच असें नाहीं. परंतु त्याच छत्रीच्या पोटांतला मुगाएवढा गर काढून वाढविला, तर त्यांतून पसरणारें तंतुजाल हें मूळचेंच अळंबें होय, त्याचें अपत्य नव्हे.

या खटाटोपांत आम्ही पडलों तें आमच्या रस्त्यावरील एका वठलेल्या आंब्यामुळें. दर श्रावणांत त्याच्या कुशीस शिंपल्यांच्या आकाराचीं राखी अळंबीं घोसांनीं येत. वनस्पतिशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनीं तीं धिंगरीच्या जातीचीं म्हणून ओळखून दिलीं होतीं. (अशा जाणत्या नजरेखालून गेल्यावांचून रानचें अळंबें तोंडांत घालूं नये, विषारी अळंब्याचें कलमहि विषारीच निघतें.) यंदा रस्ता रुंद करण्याचें ठरलें आणि खोडावर चुन्याची फुली पडली. खोडाची कोणास फारशी हळहळ वाटली नाहीं. पण त्यांत वर्षानुवर्षें बिऱ्हाड करून राहिलेला जीवहि त्याबरोबर सरपणांत जाणार, हें आम्हांस पाहवेना.

गर काढणें सोपें. तो शुद्ध राखणें कठीण. अळंब्याचे तंतु दिवसाला कांहीं मिलिमीटर पुढें सरकतात. उलट कित्येक जंतु अनुकूल स्थितींत २० मिनिटांत एकाचे दोन होतात. या गतीनें १० तासांत एकाचे शंभर कोटींहून अधिक व्हावयाचे. म्हणजे रात्रीं निजतांना बशींत एक जंतु राहिला तर सकाळीं त्याचें राज्य झालेलें दिसावें!

बशींतलें अन्न म्हणजे बटाट्याचें निवळ पाणी, थोडी साखर आणि गोठण्यासाठीं आगर. एक लिटर पाण्यास बटाटे २०० ग्रॅम, साखर व आगर प्रत्येकी २० ग्रॅम. हें आगर म्हणजेच आपल्या स्वैंपाकघरांतलें चायना ग्रास. १८८१ च्या सुमारास फानी हेसे या गृहिणीच्या सूचनेवरून तें बर्लिन येथें कॉक यांच्या प्रयोगशाळेंत शिरलें. त्यापूर्वीं ती बाई त्याचा मुरंबे-जेली थिजविण्याकडे उपयोग करीत असे. स्वैंपाकघरांतून प्रयोगशाळेंत गेलेली वस्तु आमच्या घरीं पुन्हां ओट्यावर आली, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटलें. सौभाग्यवतींस तितकें वाटलें नाहीं, कारण तिच्याबरोबर त्यांचा कुकरहि गेला. पण कुकरास पर्याय नव्हता. नुसत्या उकळण्यानें जंतु मरतात, त्यांचे बीजाणु मरत नाहींत. वाळल्या गवतांतले बीजाणु तासन्‌तास उकळूनहि जिवंत राहतात, असें टिंडॉल यांनीं १८७७ सालींच दाखविलें होतें. कुकरांतल्या दाबाखालीं उष्णता १२१ अंशांपर्यंत चढते, तिच्यापुढें मात्र त्यांचें कांहीं चालत नाहीं.

पुढचा विधि पाहून आमच्या आजीचीच आठवण यावी. पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, हात ७० टक्के मद्यार्कानें पुसलेले, चाकू ज्योतींत लाल करून निवविलेला, बशीवर तोंड उघडून बोलावयाचें नाहीं. आजीचें सोवळें स्पर्शानें मोडे. हें वाऱ्याच्या झुळुकेनेंहि मोडतें. शिवाय येथें गोमूत्र शिंपडून सुटका नाहीं.

इतकें करूनहि रानच्या अळंब्यांत जंतु आंतूनच येतात. पावसानें चिंबलेला, किडींनीं पोखरलेला गर वरून कितीहि धुतला तरी व्यर्थ. म्हणून एक दिवस उघाड पडल्यावर कोंवळें, घट्ट अळंबें घ्यावें, तें कापूं नये तर हातानें उभें फाडावें. सुरी बाहेरची घाण आंत ओढते. दांडा व छत्री यांच्या सांध्यांतला गर आम्हीं सहा बशींत ठेविला. तिसऱ्या दिवशीं दोन बशींत तुकड्याभोंवतीं ओलसर चकाकी आली, आंबूस वास सुटला: जंतु. चौथींत हिरवी बुरशी. उरलेल्या तीनहि निर्वेध नव्हत्या. पांढऱ्या तंतूंच्या मागोमाग एकींत तीच चकाकी सरपटत होती. अशा वेळीं प्रतिजैविक औषध घालण्याचा उपाय कित्येक सांगतात. आम्हांस तो पसंत नाहीं. जंतु मरण्याऐवजीं नुसते दबून राहतात, आणि अशीं औषधें घरांत उगाच वापरूंहि नयेत. त्याहून युक्ति बरी. तंतूंच्या पुढल्या कडेचा कण उचलून नव्या बशींत ठेवावा व त्यावर आगराचा ताजा थर झांकावा. तंतु थर भेदून वर येतात. जंतु बहुधा खालींच अडकतात. दोन वेळां असें केल्यावर आमची बशी निर्मळ झाली.

हेंच काम वाळवी आपल्या वारुळांत लक्षावधि वर्षें करीत आली आहे. गोव्याकडे व कोंकणांत पावसाळ्यांत वारुळांवर उगवणाऱ्या ज्या अळंब्यांसाठीं लोक वाटेल तो दाम मोजतात, ती या वाळवीचीच शेती. हाईम यांनीं १९४२ सालीं या कुळास टर्मिटोमायसीस हें नांव दिलें. वाळवीवांचून त्याचें पीक काढणें अद्याप माणसास साधलेलें नाहीं. तिच्या बागेंतून वाळवी दूर केली कीं थोड्याच दिवसांत परकी बुरशी सारें गिळून टाकते. त्या किड्यांपाशीं ना कुकर, ना मद्यार्क!

खोड भाद्रपदांत गेलें. तोंवर तंतु शिजविलेल्या ज्वारीवर चढले होते. तेथून ते उकळत्या पाण्यांतून काढलेल्या गव्हाच्या काडाच्या पिशव्यांत गेले. दिवाळीनंतर पहिला घोस आला. रंग खोडावरच्याहून फिका होता. न्हाणीघराशेजारच्या अंधाऱ्या खोलींत उजेड कमी, त्याचा तो परिणाम असावा. दोन नळ्या शीतकपाटांत लोणच्याच्या बरणीमागें आहेत, आणि एक आम्हीं त्या सहकाऱ्यांकडे ठेवावयास दिली आहे.