भोपळ्याला विरजण

ऑक्टोबर लागला की मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या गावाबाहेरच्या शेतावर लाकडी फळ्या टाकून भोपळे मांडतात. चेहरे कोरायचे मोठाले भोपळे पुढच्या रांगेत असतात आणि मागे, नारळाहून जरा मोठे, गच्च अंगाचे 'शुगर पंपकिन'. मी थेट मागे जाते. कोरायचा भोपळा आतून पाणचट आणि नुसता धाग्यांचा. मी घरी भोपळ्याची बिअर करते; तिला गर हवा, आणि तो या लहानग्यांत असतो.

गेल्या वर्षी बरोबर आई होती. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली, परतीचं तिकीट महिनाअखेरचं. तिनं एकेका भोपळ्यावर टिचकी मारली, देठ वाळलाय का पाहिलं आणि तीन निवडले. घरी येऊन मी सुरी उचलली तर तिनं माझा हात धरला. "अख्ख्या भोपळ्याला बाईमाणसानं सुरी लावू नये. जावईबापू, पहिली चीर तुम्ही द्या." त्यानं दिली. पुढचं चिरणं आम्हा दोघींचं. बिया धुऊन तिनं खिडकीत वाळत घातल्या आणि मला न विचारता अर्धा भोपळा घारग्यांसाठी बाजूला काढून ठेवला.

"हे घरी करायचं कायद्यात बसतं ना गं?" हा तिचा पहिला प्रश्न. बसतं. १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं ती वाट मोकळी झाली. घरात दोन प्रौढ माणसं असली तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत. आम्ही वर्षातून एकदाच करतो, ५ गॅलन, म्हणजे साधारण १९ लिटर.

भोपळा आणि बिअर यांची गाठ या मातीत पडली ती अडचणीतून. इंग्लंडहून आलेल्या वसाहतवाल्यांना बिअरची सवय, पण माल्ट करण्याजोगं सातू हाताशी पुरेसं नाही. भोपळा मात्र इथल्या मूळ रहिवाशांच्या शेतात मका आणि घेवड्याच्या सोबतीनं कधीपासून पिकत होता. मग तोच कामाला आला. फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या कागदांत १७७१ ची एक कृती आहे: भोपळा कुटायचा, सफरचंदासारखा पिळायचा, रस तांब्याच्या भांड्यात बराच वेळ उकळून धागा न धागा काढून टाकायचा, मग हॉप्स घालून नेहमीच्या बिअरसारखा आंबवायचा. त्यात मसाला नाही. दालचिनी-लवंग-जायफळ पुष्कळ नंतर आली. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड गावी बिल ओवेन्स यांनी आपल्या बफेलो बिल्स ब्रुअरीत भोपळ्याची बिअर केली. भोपळ्याची चव काही उतरेना, तेव्हा त्यांनी पंपकिन पायचा मसाला घातला. तेव्हापासून बहुतेकांना भोपळ्याची चव म्हणजे दालचिनीचीच चव वाटते.

मला हे मनापासून खटकतं. भोपळा मुळात कमी बोलणारा, आणि त्याला अशा गलक्यात बसवायचं! आपण घारगे करतो तेव्हा गूळ, चिमूटभर मीठ, एवढंच घालतो; भोपळा आपोआप कळतो. म्हणून माझ्या बिअरमध्ये मसाला नसतो.

फोडी १९० अंशांवर तासभर भाजल्या. कडा तपकिरी झाल्या, ट्रेवर साखरेचे डाग पडले. मोठ्या भांड्यात साडेचार किलो भरडलेलं माल्ट, त्यावर गरम पाणी, त्यात अडीच किलो भोपळ्याचा गर. सगळं मिळून ६७ अंशांवर. पहिल्या वर्षी मी इथेच फसले होते. गराचा चिखल तळाशी बसला आणि रस खाली उतरेचना. मध्यरात्रीपर्यंत मी चाळणीवर ओणवी होते. तेव्हापासून दोन ओंजळी भाताचं तूस घालते, म्हणजे रसाला वाट राहते. आईनं तूस चिमटीत घेऊन पाहिलं. "हे तर कोंबड्यांच्या खाली पसरतात." मग झाकण उचलून वाफेत तोंड घातलं आणि तशीच थांबली.

"सातूचं पीठ," म्हणाली.

"सातूच आहे, आई. मोड आणून वाळवलेलं."

त्यानंतर स्वयंपाकघर तिच्या ताब्यात गेलं. आई ३१ वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवायची. धान्याला मोड आले की त्यातली विकरं जागी होतात आणि पिष्टाची साखर करतात, सातूतली विकरं स्वतःबरोबर भोपळ्यातलं पिष्टही फोडतात, हे मी सांगायला गेले तर तिनं मला मध्येच थांबवून "आयोडीन आहे का घरात?" म्हणून विचारलं. पांढऱ्या बशीत तिनं चमचाभर रस घेतला, "कोंड्याचा कण येऊ देऊ नकोस, फसवतो तो," असं बजावलं आणि एक थेंब सोडला. काळानिळा. पंधरा मिनिटांनी पुन्हा, नवी बशी, नवा थेंब: जांभळट. पन्नास मिनिटांनी थेंब पडला आणि तसाच पिवळसर राहिला. तिनं बशी खिडकीकडे धरली, चष्मा कपाळावर सरकवून पाहिली. "पिष्ट संपलं. काढ आता." वही तपासून बाजूला ठेवताना तिचा आवाज असाच व्हायचा.

बिअर ती कधी पिणार नाही. पण हॉप्स पडण्याआधीचा तो नितळ, तांबूस रस तिनं चमचाभर चाखला. "काकवी," म्हणाली, आणि दुसरा चमचा घेतला.

तासभर उकळणं, निववणं, मग यीस्ट. तिच्या भाषेत विरजण. दुसऱ्या दिवशी सकाळी एअरलॉकमधून बुडबुडे निघू लागले तर ती खुर्ची ओढून शेजारी बसली, घड्याळ लावून. "मिनिटाला बावीस." संध्याकाळी छत्तीस. मी ऑफिसातून आले की आधी आकडा सांगायची, मग चहाचं विचारायची. तिसऱ्या रात्री मला पाणी प्यायला उठल्यावर ती अंधारात तिथेच दिसली. "जागं आहे अजून," म्हणाली.

ती गेली तेव्हा बुडबुडे थांबले होते. घनता १.०५५ वरून १.०१४ वर आली होती. तो आकडा ती डायरीत लिहून घेऊन गेली. बाटल्या मी एकटीनं भरल्या.

थँक्सगिव्हिंगच्या दुपारी पहिली बाटली उघडली. रंग भाजलेल्या फोडीच्या कडेचा. जिभेवर आधी सातू, थोडा कडूपणा, आणि गिळून झाल्यावर, अगदी मागे, मातकट गोडवा. तो भोपळा. चित्त देऊन थांबलं तरच लागतो.

साताऱ्यात तेव्हा रात्र होती, तरी फोन लगेच उचलला.

"निवळली का?"

मी ग्लास खिडकीकडे धरला, तिनं बशी धरली होती तसाच. "जरा गढूळ आहे गं."

"मग बाकीच्या हलवू नकोस," आई म्हणाली. "अजून दोन आठवडे राहू देत. आणि बिया डब्यात भरल्यास का?"