मशीनमन म्हणजे नेमकं काय?

पुण्यातल्या शनिवार पेठेत आणि शेजारच्या नारायण पेठेत छोटे छापखाने अजून तग धरून आहेत. तिथे ऑफसेटवर उभ्या असलेल्या माणसाला मशीनमन म्हणतात. तो प्लेट चढवतो, शाई आणि पाण्याचा मेळ बसवतो, चारही रंग एकमेकांवर नेमके बसेपर्यंत कागद वाया घालवतो, आणि छपाई नसेल त्या दिवशी बाइंडिंगच्या कामालाही लागतो. मालकाच्या लेखी हे सगळं एकच काम. पण कॅनडाच्या कुशल कामगार योजनेत अर्ज करायचा म्हटला की या दिवसाचे दोन तुकडे पडतात. तिथल्या व्यवसायांच्या सरकारी यादीत छपाईयंत्र चालवणारा 73401 या क्रमांकाखाली, तिसऱ्या श्रेणीत येतो. बांधणीचं यंत्र चालवणारा 94152 खाली, चौथ्या श्रेणीत. फेडरल स्किल्ड वर्कर या वर्गात शून्य ते तीन एवढ्याच श्रेणी चालतात. माणूस तोच, छापखाना तोच. पण मालकाने दिलेल्या अनुभवपत्रात पहिलं काम ठळक आलं की दुसरं, यावर दार उघडं राहणार की बंद, हे ठरतं. आणि आपल्याकडच्या पत्रात बहुधा दोन्ही नसतात. ‘मशीनमन म्हणून नोकरीस होते’ एवढंच असतं.

माझं म्हणणं असं की आपल्याकडचं अनुभवपत्र हा अनुभवाचा कागदच नाही. तो वर्तणुकीचा दाखला आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक : चांगली’ लिहितात, त्याचीच ही मोठी झालेली आवृत्ती. ‘धिस इज टू सर्टिफाय’ने सुरुवात, मग नाव, हुद्दा, दोन तारखा, कष्टाळू आणि प्रामाणिक असल्याचा निर्वाळा, पुढील वाटचालीस शुभेच्छा. छापखान्यापासून हिंजवडीच्या कंपनीपर्यंत साचा हाच. फरक फक्त लेटरहेडच्या कागदाचा. कॅनडाचा अधिकारी मागतो ते वेगळंच असतं: हुद्दा, नोकरीचा कालावधी, आठवड्याचे तास, पगार आणि इतर लाभ, सही करणाऱ्याचं नाव-पद-संपर्क, आणि प्रत्यक्ष कामांची यादी. प्रामाणिकपणाबद्दल तो विचारत नाही. शुभेच्छांचं तर त्याला काहीच करायचं नसतं. फॉर्म 16 वरून पगार आणि कर कळतो, पीएफच्या पासबुकावरून कोणत्या महिन्यांची वर्गणी भरली गेली ते कळतं, पण त्या महिन्यांत माणूस काय करत होता हे यांपैकी एकही कागद सांगत नाही. ते सांगू शकणारा कागद एकच, आणि नेमका तोच आपण शुभेच्छापत्रासारखा लिहितो. आयटीतल्या माणसाची गत फार वेगळी नाही. ‘असोसिएट’ किंवा ‘सिस्टीम इंजिनिअर’ या हुद्द्याआड कोणी प्रोग्रॅम लिहितो, कोणी ते तपासतो, कोणी रात्रपाळीत सर्व्हर सांभाळतो. कॅनडाच्या यादीत या कामांना वेगवेगळे क्रमांक आहेत. हुद्द्याला क्रमांक नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: कामांची यादी शेवटी अर्जदारच लिहून देतो, एचआर फक्त सही करतं, मग त्याला पुरावा कसं म्हणायचं? मसुदा अर्जदाराचा असतो, हे खरं आहे आणि त्यात मला गैर वाटत नाही. मशीनवर काय चालतं हे मशीनमनइतकं कोणाला ठाऊक असणार? सही करणारा त्या मजकुराला बांधला जातो, त्याचा फोन नंबर पत्रावर असतो आणि अधिकारी तो फिरवू शकतो. कागदाला वजन येतं ते तिथून. गैर प्रकार वेगळाच आहे. कॅनडाच्या यादीतल्या व्यवसायाखाली कामांची जी सरकारी वाक्यं दिलेली असतात तीच उचलून जशीच्या तशी पत्रात उतरवायची. सल्लागारही हे सर्रास करून देतात. पण अधिकाऱ्याला ती वाक्यं पाठ असतात, आणि शब्दशः नक्कल दिसली की त्याला पत्राच्या खरेपणाचीच शंका येते. कॅनडाच्या फेडरल कोर्टातल्या प्रकरणांतही हा मुद्दा येऊन गेला आहे. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं दार बंद. यंत्राचा प्रकार, कागदाचा आकार, प्लेट कोण बनवायचं, हाताखाली किती जण, असले तपशील सरकारी वाक्यांत नसतात. ते फक्त काम केलेल्या माणसाकडे असतात. पत्राला जीव येतो तो त्यांनीच.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: कंपनी देतच नाही. ‘पॉलिसी नाही’ या दोन शब्दांत विषय संपतो. याचं उत्तर म्हणून वरिष्ठ सहकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, सोबत नेमणूकपत्र, पगारपत्रकं, बँकेच्या नोंदी आणि पत्र का मिळालं नाही याचा खुलासा, अशी जुळवाजुळव करता येते; मान्य करायचं की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. पण हा प्रश्न मर्जीचा असायला नको होता. जर्मनीत औद्योगिक कायद्याच्या 109 व्या कलमाने नोकरी सोडणाऱ्याला दाखल्याचा हक्क आहे, आणि त्याने मागितलं तर कामाचा दर्जाही त्यात लिहावा लागतो. त्यातून तिथे गोड शब्दांत उणं सांगण्याची एक गुप्त भाषाच तयार झाली, हा भाग अलाहिदा. पण तिथे निदान लिहावं तरी लागतं. आपल्याकडे ‘पॉलिसी नाही’ म्हणणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही.

तिसरा आक्षेप छोट्या धंद्यांचा: रोखीने पगार, ना पीएफ ना फॉर्म 16, त्यांनी काय करायचं? इथे मला दिलासादायक काही सांगता येत नाही. किमान अनुभव सलग एक वर्षाचा, आठवड्याला 30 तास धरून 1,560 तास, आणि तोही पगारी लागतो. पगाराची खूण बँकेत नसेल तर पत्र एकटं पडतं. स्वतःचा धंदा असेल तर अट आणखी कडक: आपली कामं आपणच लिहून दिलेली किंवा त्यांचं प्रतिज्ञापत्र केलेलं चालत नाही, तिऱ्हाइताचा कागद लागतो. म्हणजे गिऱ्हाइकांची पत्रं, बिलं, बँकेत जमा झालेल्या रकमा. शॉप ॲक्टचा परवाना धंदा असल्याचं सांगतो, पण मालक त्यात काय करत होता हे नाही.

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कागदाने सिद्ध करावी लागणं पुण्याला नवीन आहे असंही नाही. 1852 च्या 11 व्या कायद्याने इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले तेव्हा पिढ्यानपिढ्या जमीन खाणाऱ्या घराण्यांना सनदा दाखवाव्या लागल्या. वहिवाट सगळ्या गावाला माहीत असणं पुरेसं नव्हतं. फरक एवढाच की सनद देणाऱ्याच्या बाजूनेही काही लिहिलेलं असे, आणि पेशव्यांच्या दफ्तरात ते पडताळून पाहता येई. छापखान्याच्या मालकाकडे मात्र कामगाराचं दफ्तर नसतं. छापखानाच बंद पडला असेल तर विचारायचं कोणाला? गंमत म्हणजे छापखान्याचा पुरावा आप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत फळ्यांवर रचून ठेवलेला असतो. 1867 च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण छापणं बंधनकारक केलं, त्यामुळे बंद पडलेल्या छापखान्याचाही पेठेसकट पत्ता जुन्या पुस्तकांच्या सुरुवातीच्या पानांवर वाचता येतो. लेखक, प्रकाशक, मुखपृष्ठकार, मुद्रक, सगळे तिथे ओळीने असतात. मशीनमनचं नाव छापायला कोणी सांगितलेलं नव्हतं.