शिर्डीच्या वाटेवरील गोधडी

नाशिकहून सिन्नरमार्गे शिर्डीस पायी जावयाचे म्हणजे सुमारे ९० किलोमीटरांची वाटचाल. गतवर्षी पौषात आम्ही ती प्रथम केली, तेव्हा घरची कापूस भरलेली रजई पाठीस बांधली होती. ती चांगली ३ किलो भरली. सिन्नरास पहिला मुक्काम पडेतो खांदे असे भरून आले की, गोंदेश्वराच्या प्राचीन देवालयाची शिल्पे पाहावयास मान वर होईना. यंदा पुन्हा निघावयाचे ठरले, तेव्हा प्रथम विचार केला तो पांघरुणाचाच.

आमचा नातू सह्याद्रीतील गड चढणारा. तो म्हणाला, "आजोबा, ऊब कापसाची नसते, थरांत कोंडलेल्या हवेची असते. अंगाखाली दबलेल्या पांघरुणात हवा राहत नाही. खाली चटई पुरे. वरून घ्यायचे तेवढेच न्या." हे ऐकून आम्हांस मौज वाटली. संस्कृतात जिला कन्था म्हणतात, ती गोधडी म्हणजे तरी जुन्या वस्त्रांचे थर धावदोऱ्याने एकत्र धरणे, याहून निराळे काय?

प्रश्न होता वस्त्राचा. आमचे कुटुंब निवर्तल्यास तीन वर्षे झाली. तिची सुती नऊवारी लुगडी ट्रंकेत तशीच होती. त्यांस हात लावण्याचे धैर्य आम्हांस होत नव्हते. वडील वहिनींनी ते ओळखले. त्या म्हणाल्या, "भावोजी, लुगडे नेसून विरत नाही इतके घडीवर विरते. तिच्याच लुगड्याची करा. पण टाके तुम्ही घालायचे."

वाचकांपैकी कोणास करावयाची असल्यास कृती सोपी आहे. लुगडे धुऊन त्यातील खळ घालवावी. दोन-दोन वारांचे चार तुकडे करून एकावर एक पसरावे व मधून कडेकडे सुरकुत्या काढीत कच्चे टाके घालावेत. मग दोन बोटांच्या अंतराने धावदोऱ्याच्या ओळी घालाव्यात. दोरा फार ओढल्यास थर दबून ऊब जाते. ढिला ठेवल्यास थर सरकतात. उरलेल्या नवव्या वारात काठाची पट्टी व बांधावयाचे बंद निघतात. पायांकडे हातभर लांबीच्या दोन्ही कडा एकमेकींस जोडून व तळ शिवून आम्ही खोळ केली, म्हणजे झोपेत पाय उघडे पडत नाहीत. आमचे पहिले टाके वहिनींनी निमूटपणे उसवले; आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर तांबड्या शाईच्या रेघा ओढल्याचे ते प्रायश्चित्तच होय! महिन्याभरात गोधडी पुरी झाली. तिचे वजन १ किलोहून कमी भरले.

तथापि तिचा दोषही सांगितला पाहिजे. सुती कापड भिजले की ऊब जाते, भार वाढतो व ते लवकर वाळत नाही; सबब पावसाळ्यात ती नेऊ नये.

दुसरा मुक्काम वावीस पडला. पहाटे थंडीने जाग आली. चार थर अपुरे होते. उपरणे आत घेऊन गोधडी गळ्यापर्यंत ओढली, तेव्हा ट्रंकेतील कापराचा वास आला, आणि मग उजाडेपर्यंत झोप अशी लागली नाही. परंतु थंडीही वाजली नाही.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी अहिल्यानगर जिल्ह्यात शिरून शिर्डीस पोहोचलो. गोपाळराव बुटींच्या वाड्यातील समाधीचे दर्शन घेऊन द्वारकामाईत गेलो. १९१८ च्या विजयादशमीस देह ठेवणाऱ्या त्या फकिराचे अंथरूण तरटाचे व उशी विटेची होती, हे सर्वश्रुत आहे. वळकटी मांडीवर घेऊन आम्ही तेथे बराच वेळ बसलो. एक किलोचे ओझेही तेथे थोडे अधिकच वाटले. परंतु ते खाली ठेववेना.

घरी परतताच वहिनींनी विचारले, "थंडी वाजली का?"

आम्ही म्हटले, "दोन थर कमी पडले."

त्या उठण्यापूर्वीच आम्ही ट्रंक उघडली, आणि दुसरे लुगडे आपण होऊन त्यांच्या हाती दिले.